दहावीच्या बॅचचा फार्स बसवायचा तर

धान घरात आलं, दिवाळी झाली, की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. वडशाच्या नाटक कंपन्या आहेतच, पण गावच्या पोरांनी स्वतः एक प्रयोग उभा करावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी जुन्या वर्गमित्रांच्या भेटीचा फार्स, म्हणजे गैरसमज आणि पळापळीचं विनोदी नाटक, घ्या. तीस वर्षांनी भेटलेला माणूस थोडंफार खोटं बोलतोच, आणि फार्सला तेवढं पुरतं.

गोष्ट साधी ठेवा. एकजण भाड्याची गाडी स्वतःची म्हणून आणतो. त्या गाडीचा ड्रायव्हर त्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. पण त्याला कोणी ओळखत नाही. हे पब्लिकला पहिल्या दहा मिनिटांतच कळू द्या. रहस्य लपवून हशा येत नाही. पब्लिकला माहीत आणि स्टेजवरच्यांना नाही, तेव्हाच "कोन होय गा तू?" या साध्या प्रश्नावर मैदान हसतं.

आता दारं. पडद्यावर रंगवलेलं दार इथं कामाचं नाही. लाकडी चौकटीची खरी तीन दारं करा आणि मागून तिरपे टेकू ठोका, नाहीतर दार आपटलं की अख्खी भिंत हलते. तालमीला खळ्यावर चुन्यानं तिन्ही दारांच्या जागा आखा. पहिले काही दिवस संवाद नकोतच. कोण कुठून आत येतो, कोण त्याच क्षणी कुठून बाहेर जातो, एवढंच घोटा. हे पायात बसल्याशिवाय संहिता हातात देऊ नका. नवीन नट चुकतो तो बहुतेक इथंच, शब्दात नाही.

हशा आला की थांबा. मोठ्या मैदानात हसणं पुढून मागे जातं. मागचे हसत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया गेलं. हशा चढून उतरायला लागला, की बोला. प्रॉम्प्टरलाही हे सांगून ठेवा, नाहीतर नट वाक्य विसरला असं समजून तो मधेच ओरडतो.

भाषा आपलीच ठेवा. पुण्याहून आलेल्याची बोली पहिल्या प्रवेशात शहरी असू द्या. जुना दोस्त "काऊन बे, लय मोठा झाला का?" म्हणाला, की ती हळूहळू आपल्या झाडीबोलीवर घसरली पाहिजे. माणूस गावात परत आल्याचं यातूनच दिसतं, म्हणून त्या नटाच्या तालमीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

लावणी लोकांना हवीच असते. ती अंक संपल्यावर घ्या. पळापळीच्या मधे घातली, तर चढलेला वेग पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो.