पहिल्या कळांच्या रात्री झोप कशी काढायची

कळा सुरू झाल्या की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता झोपू नकोस गं, फेऱ्या मार, लवकर मोकळी होशील." रात्रभर अशा फेऱ्या मारून लेबर रूममध्ये आलेल्या कितीतरी पहिलटकरणी मी पाहते. गर्भपिशवीचं तोंड जेमतेम २-३ सेंटिमीटर उघडलेलं आणि अंगातलं त्राण संपलेलं. पहिल्या खेपेला ५ सेंटिमीटरपर्यंत यायलाच १२-१५ तास सहज जातात. चालायचं ते दिवसा. रात्री झोपायचं.

हे वाचायचंय ते सोबत राहणाऱ्या माणसानं. जिला कळा येतायत तिला कुठली सवड!

आधी डॉक्टरांना फोन. पाणी गेलंय, लाल रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, ३७ आठवडे भरले नाहीत किंवा आधीचं सिझर आहे, यातलं काहीही असेल तर झोपेचा विषय बंद, थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

बाकीच्यांसाठी: मऊ भात किंवा पेज, लघवी, कोमट पाण्यानं आंघोळ, दिवे बंद. एरंडेल नको. झोपेची गोळी आपल्या मनानं तर मुळीच नको.

झोपायचं कुशीवर, शक्यतो डाव्या. उताणं झोपलं की पिशवीचा भार मणक्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत.

आता खरी अवघड गोष्ट. दोन कळांमध्ये ती झोपते, पण पुढची कळ ऐन भरात असताना दचकून जागी होते, श्वास कोंडते, अंग आवळते. दोनदा असं झालं की ती झोपेलाच घाबरते. मलाही हे जमायला वेळ लागला. उपाय तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. तळहात तिच्या पोटाच्या वरच्या भागावर हलका ठेवा. तिला दुखायच्या आधीच पोट कडक व्हायला लागतं, ते हाताला कळतं. त्याच क्षणी कानाशी हळू म्हणा, "श्वास सोड." एवढंच. लगेच दुसऱ्या हाताच्या मनगटाकडच्या भागानं कमरेखालचं सपाट हाड दाबून धरा, चांगलं जोर लावून. पोट मऊ पडलं की दाब सावकाश सोडा, हात मात्र तिथेच राहू द्या.

आणि तोंड बंद. "गेली का? किती दुखलं? पाणी देऊ?" या चौकशांनी जितकी झोपमोड होते तितकी कळांनीही होत नाही. मोबाइलवर कळा मोजायच्या तर स्क्रीन तिच्याकडे नको, आणि दर कळेला मोजायची गरजही नाही. पहिल्या खेपेला दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा. दुसरी खेप असेल तर एवढं थांबू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका.

लेबर रूममध्येही हाच हात चालतो. सरकारी रुग्णालयात सोबतीला एक बाईमाणूस आत राहू देण्याची मुभा २०१६ पासून आहे, ती मागून घ्या. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेतलं असेल तर मिळेल तेवढं झोपू द्या, फक्त कूस बदलत राहा.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर कधी कधी कळा काही मिनिटं मंदावतात. घरचे लगेच "जोर लाव" ओरडायला लागतात. बाळाचे ठोके ठीक आहेत असं सिस्टर म्हणत असेल, तर तीही डुलकी तिला काढू द्या.