पणजीच्या जुन्या तावेर्नात जेवायला-प्यायला जायचं तर

मळा, फोंतिनी, सांतोमे या भागांतल्या बोळांत अजूनही मोजकी जुनी तावेर्नं, म्हणजे घरगुती दारूची आणि खाण्याची छोटी दुकानं, उरली आहेत. आत चार-पाच टेबलं, काउंटरमागे काचेचे मोठे गराफांव (दारूचे बुधले) आणि मागच्या दारी स्वयंपाकघर, एवढाच पसारा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून सकाळच्या गाडीने निघालात तर जेवून संध्याकाळपर्यंत परतता येतं. मात्र वेळ चुकली तर तिथे काही चालत नाही, कारण बाहेरच्या पाहुण्यांसाठी वेळापत्रक बदलायची या घरांना सवय नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते दीडच्या मध्ये गाठा. दोननंतर मासळी संपत येते. पुढे बहुतेक ठिकाणी दार ओढून झोप काढतात आणि संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास परत उघडतात. तीनला पोचलेला माणूस बंद दाराचा फोटो काढून परत जातो. रविवारी बरीच बंद असतात, तेव्हा आधी फोन केलेला बरा. सहापेक्षा जास्त माणसं एकदम नेऊ नका. टेबलं जोडून मिळत नाहीत आणि स्वयंपाकघरात तवे दोनच असतात. जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर विचारून बसायला हरकत नाही, ते तिथे रीतसर आहे.

बसल्यावर आधी स्वयंपाकघराकडे बघा, गराफांव नंतर. छापील मेनू असला तरी तो बाजूला ठेवून विचारा, "बाब, आयज नुस्तें कितें आसा?" (आज मासळी काय आहे?) मराठीत किंवा मालवणीत विचारलंत तरी उत्तर तितकंच सरळ मिळेल. आज काय आलंय त्यावर जेवण ठरवायचं. सुरमईला इकडे इसवण म्हणतात आणि तिचा भाव तुकड्यावर असतो. चोणक किंवा तांबोशी अख्खी घ्यायची तर भाव आकारावर, म्हणून मासा कच्चा असतानाच बघा आणि भाव विचारा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोट दाबल्यावर मांस परत वर आलं तर घ्या. तळल्यावर विचारण्यात अर्थ नाही, रव्याखाली सगळे मासे सारखेच दिसतात.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात आलेली इसवण बहुधा बर्फातली. तेव्हा खाडीतला शेवटा मासा, चोणक, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर, किंवा पारा मागा. पारा म्हणजे सुक्या मासळीचं व्हिनेगर-मिरचीतलं लोणचं, दारूसोबत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. श्रावणात आणि चतुर्थीच्या आसपास हिंदू घरच्या खाणावळींत मासळी आटते, ख्रिश्चन घरच्या तावेर्नात तितका फरक पडत नाही. सोलकढीचं उलट. ती खाणावळीत हटकून मिळते, तावेर्नात मिळेलच असं नाही.

रव्यातला मासा ताटात आल्यापासून पाच-सात मिनिटांत खायचा. आतल्या वाफेने रवा मऊ पडतो आणि मग तेल जाणवू लागतं. चौघांसाठी आठ तुकडे एकदम मागवणारे इथेच फसतात: गप्पांत शेवटचे चार गार होतात. दोन खेपांत मागवा, पहिली बसल्या बसल्या, दुसरी पहिली आल्यावर. रेशाद बांगड्याला एवढी घाई नाही. त्याच्या पोटातल्या मसाल्यात लाल मिरची, लसूण आणि माडाच्या सुरेचं (ताडीसारख्या रसाचं) व्हिनेगर असतं, मीठही जरा वर. म्हणून तो भातापेक्षा पावाशी चांगला लागतो. चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, कांदा घालून स्वतःच्याच चरबीत शिजवतात. त्यासोबत पाव न घेता पोळी मागा. आपली चपाती नव्हे, पोदेराची (पाववाल्याची) कोंडा लावलेली पोकळ पोळी. तिच्या पोटात चरबी आणि मसाला नीट मुरतो, साधा पाव दोन घासांत लगदा होतो. कटलेट आणि क्रोकेट बऱ्याच ठिकाणी गोमांसाची असतात. खात नसाल तर मागवण्याआधी स्पष्ट विचारा, कोणाला राग येत नाही.

आता पिण्याचं. गोव्यात वयाची अट 21 आहे. मार्च ते मे हा उर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा हंगाम. काजूचा बोंडू तुडवून काढलेला रस आंबवतात. तो भाटीवर पहिल्यांदा गाळला की उर्राक, त्यात आणखी आंबलेला रस घालून पुन्हा गाळला की फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के, बाटलीतल्या फेणीत बहुधा 42.8. उंच ग्लासात 90 मिली उर्राक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, दोन-तीन बर्फाचे खडे, वर लिम्का. नुसत्या लिम्काने फार गोड होतं, म्हणून निम्मी लिम्का आणि निम्मा सोडा घाला. मिरची चिरायची, ठेचायची नाही, आणि दहा मिनिटांनी काढून टाकायची, नाहीतर शेवटचे घोट घशाला झोंबतात. सोबत मिठाच्या पाण्यातली कैरी मिळाली तर सोडू नका. दोघांचा हंगाम एकच. ऑक्टोबरात कोणी उर्राक पुढे केला तर नको म्हणा. तो फार टिकत नाही, वास उतरतो.

उर्राक सरबतासारखा लागतो आणि घात तिथेच होतो. 180 मिली उर्राकात 27 मिली शुद्ध मद्यार्क, 60 मिली फेणीत जवळपास 26. म्हणजे दोन ग्लास उर्राक एका लार्ज फेणीच्या बरोबरीचा, आणि उन्हाळ्याच्या दुपारी चार ग्लास कधी संपले ते कळत नाही. 8 टक्क्यांची 650 मिलीची स्ट्राँग बिअर तर 52 मिलीवर जाते. वर फेणी घेण्याचा विचार असेल तर बिअरला सुरुवातीलाच फाटा द्या. दर ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी प्या आणि पहिला घोट घेण्याआधी पोटात काहीतरी जाऊ द्या, उकडलेलं अंडं किंवा चणे चालतील.

फेणी 30 मिली मागा, आपल्यासमोर मापाने ओतलेली. नाक ग्लासात खुपसू नका. चार बोटं लांबून वास घ्या, नाहीतर पहिल्याच झटक्याला उग्र म्हणून ती बाजूला ठेवाल. बर्फाने तिचा गंध मिटतो, कोलाने ती ओळखूच येत नाही. साध्या तापमानाला थोडी-थोडी, बाजूला पाणी. जमत नसेल तर 120 मिली सोडा, लिंबू आणि मीठ. अगदी पहिल्यांदा पिणाऱ्याने माडाच्या फेणीपासून सुरुवात करावी. ती सुरेपासून होते आणि वास सौम्य असतो. सुटी फेणी उंचावरून ओतल्यावर काठाशी बुडबुड्यांची माळ धरते. ही कडकपणाची खूण आहे, शुद्धतेची नाही. त्यापेक्षा चार थेंब तळहातावर चोळून वाळू द्या: मागे बोंडूचा वास राहिला तर ठीक, नुसता स्पिरिटचा आला तर सीलबंद बाटलीतली मागा.

शेवटी शीत-कडी. उकड्या तांदळाचा भात, नारळाची आंबट-तिखट कडी, किसमूर. दारू थांबवून मगच भात मागा. भातानंतर पुन्हा ग्लास घेतला की दोन्ही वाया.

बिलात मासे, पेग आणि सोडा वेगळे मांडलेत का ते बघा. यूपीआय चालतं, तरी थोडी रोख जवळ असू द्या. निघताना "देव बरें करूं" (धन्यवाद) म्हणा. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. रक्ताच्या 100 मिलीत 30 मिलीग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा एका मोठ्या पेगानेही ओलांडली जाऊ शकते. फेणी आवडली म्हणून बाटली पिशवीत टाकून परत निघायचा मोह होतो, पण फक्त गोव्यात विक्रीसाठीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.