डार्क जोक मारायचाय? आधी नेम कुणावर आहे ते बघा

डार्क जोक कुठे संपतो आणि दुखावणं कुठे सुरू होतं असा विषय निघाला की एक गट लगेच यादी काढतो, मरणावर नको, कॅन्सरवर नको, आत्महत्येवर तर नकोच नको, आणि दुसरा गट म्हणतो अरे जोक आहे यार, चिल मार. मला दोन्ही गट आळशी वाटतात. विषयांची यादी करायची झाली तर पहिला बंद पडेल तो आपला भोंडला. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून पोरी काय गातात ते कधी नीट ऐकलंय का? वेडा नवरा येतो, बायको झोपलेली असते, त्याला वाटतं मेली, आणि तो तिला जाळून टाकतो, आणि एवढं गाऊन झाल्यावर खिरापत ओळखायची. यापेक्षा काळा विनोद मी तरी कुठल्या ओपन माइकवर ऐकला नाहीये. पण ते गाणं टिकलं कारण ते म्हणणाऱ्या बायकाच होत्या, न विचारता कुणाच्याही गळ्यात बांधल्या गेलेल्या, आणि फेरातल्या सगळ्यांना माहीत होतं की हसू नक्की कुणाचं येतंय. (आता त्यातला वेडा म्हणजे आजारी माणूस, त्याच्या बाजूने आज कुणी आक्षेप घेतला तर तो आक्षेप मला खोटा वाटणार नाही, पण ते असो.)

तर विषय कुठलाही घ्या, पहिलं बघायचं ते नेम. जोकमध्ये माती कोण खातंय? त्यासाठी एक साधं काम करा, जोकमधली गंमत काढून टाका आणि उरलेलं एका सपाट वाक्यात लिहून बघा. "हॉस्पिटलचं बिल बघून पेशंट गेला" यातून उरतं की बिलं भयंकर आहेत, ठीक आहे, चालू द्या. पण कॉलेजच्या हॉस्टेलवर रिझर्वेशनवरचे जे तथाकथित डार्क जोक चालतात ते असे पिळून बघा, खाली काय उरतं, तर "यांची लायकी नाही". हा विनोद नाहीच, हा टोमणा आहे, वर डार्कचं लेबल लावलंय एवढंच. बायकांच्या ड्रायव्हिंगपासून अमुक जातीच्या चिकटपणापर्यंत निम्म्याहून जास्त फॉरवर्ड या एका चाळणीतच गळतात, पुढच्या पायऱ्यांची गरजच पडत नाही.

एक अवघड विषय मुद्दाम घेतो, शेतकरी आत्महत्या. यावर डार्क जोक होऊ शकतो का? होतो, आणि गावात होतोच. आपल्याकडे अशा मृत्यूनंतर घरच्यांना एक लाखाची सरकारी मदत आहे, पण त्याआधी जिल्ह्याच्या समितीपुढे केस जाते, जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाकडचं, थकलेलं होतं का, आणि मग शिक्का बसतो, पात्र किंवा अपात्र. म्हणजे मेलेला माणूस अपात्र. यावर कुणी म्हणालं की "बँकेने जिवंतपणी अपात्र ठरवलं, समितीने मेल्यावर, निदान सरकारी खात्यांचं एकमेकांशी जमतंय तरी", तर हा जोक काळाकुट्ट आहे पण नेम कागदावर आहे, शिक्क्यावर आहे. त्याच विषयावर "लाख मिळतात म्हणून" असं सुरू होणारे जोकसुद्धा फिरतात, त्यांचा नेम मेलेल्यावर आणि त्याच्या बायकोवर. विषय तोच, आकडा तोच, पण पहिला जोक ती बाई कदाचित स्वतःच मारेल आणि दुसरा तिच्यासमोर मारायची कुणाची हिंमत होणार नाही. हीच दुसरी टेस्ट समजा, ज्याचं जळतंय तो माणूस खोलीत बसलाय असं धरून जोक बोलून बघा, जीभ अडखळली तर का अडखळली ते शोधा.

मग येतो तोंडाचा प्रश्न, म्हणजे बोलतंय कोण. आज्जी स्वतः म्हणते "माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या आता, मला कसली साडी आणताय", सगळे हसतात, तीही हसते. हेच वाक्य सुनेने आज्जीबद्दल उच्चारलं की त्या घरात पुढची दिवाळी गारच जाणार. शब्द जवळपास तेच. हे नीट समजून घ्यायचं असेल तर दहाव्याला घाटावर उभं राहून बघा. पिंड ठेवलाय, कावळा भिंतीवर बसलाय आणि शिवत नाहीये, भटजी घड्याळ बघतायत, नातेवाईक एकेक करून आश्वासनं देतायत, धाकट्याचं लग्न करू, शेताची वाटणी नीट करू, बहिणीला माहेर तुटू देणार नाही, आणि कावळा ढिम्म. आमच्याकडे एका काकांच्या दहाव्याला असंच चाललेलं, शेवटी त्यांचा मोठा मुलगा वैतागून म्हणाला "बाबा, शिवा आता, मॅच सुरू झालीय", आणि जी हसाहशी झाली, भटजींनी उपरण्यात तोंड लपवलं. त्या हशात कुणाचा अपमान नव्हता, उलट दहा दिवसांत पहिल्यांदा ते घर मोकळं झालं. आता वातावरण हलकं झालंय बघून मागून एका शेजाऱ्याने पुस्ती जोडली, "क्वार्टर ठेवा एक, लगेच येईल". सगळे गप्प. काका कशाने गेले ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं, त्या मुलाने कित्येक रात्री त्यांना उचलून घरी आणलेलं. शेजारी वाईट माणूस नाही हो, त्याला फक्त वाटलं की दार उघडलंय म्हणजे सगळ्यांसाठीच उघडलंय.

म्हणून नियम असा धरा की दुःखाच्या जोकचा पहिला हक्क घरच्यांचा, त्यांनी मारला तरी आपण हसावं फार तर, त्यात भर घालू नये. आणि समजा तुम्हाला हक्क आहे, कॅन्सर तुम्हालाच झालाय, तरी शेजारच्या बेडवरच्याने तो जोक तुमच्यासारखाच घ्यावा अशी सक्ती नाही. स्वतःवरच्या जोकला परमिट लागत नाही, पण ते परमिट दुसऱ्या पेशंटवर वापरता येत नाही.

आता वेळ. यावर खरंखुरं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत 2012 मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा पीटर मॅकग्रॉ नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वादळावरचे विनोदी ट्वीट वेगवेगळ्या दिवशी लोकांना दाखवले आणि किती हसू येतं ते विचारलं. वादळ धडकायच्या आधी लोक हसत होते, नुकसान कळल्यावर हसू आटलं, मग हळूहळू परत वाढत साधारण 36 व्या दिवशी सगळ्यात जास्त झालं आणि 99 व्या दिवसापर्यंत परत ओसरलं, तेव्हा विषयच शिळा झाला होता. आता हे 36 कॅलेंडरवर गोल करून ठेवू नका, पण दोन गोष्टी घ्या यातून, एक म्हणजे अती लवकर असं खरंच काहीतरी असतं, आणि दुसरी म्हणजे उशीरही होतो. आपल्याकडे कुणी नामवंत गेला की बातमी खरी का खोटी कळायच्या आत ग्रुपवर जोक पडतो, तो धाडसी वगैरे नसतो, तो फक्त पहिला येण्याच्या घाईत असतो.

आणि वेळेसोबत अंतरही बघा. अमेरिकन कॉमेडियन गिल्बर्ट गॉटफ्रीडने सप्टेंबर 2001 मध्ये, ट्विन टॉवर पडून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते तेव्हा, न्यूयॉर्कमध्येच एका रोस्टला (म्हणजे एकाला समोर बसवून त्याची टर उडवायचा कार्यक्रम) विमानावर जोक मारला, की माझी फ्लाइट डायरेक्ट नाही, आधी एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबणार आहे. लोकांनी आरडाओरडा केला, इतक्या लवकर नको म्हणून. पण तो समोर उभा होता, प्रेक्षकांचे चेहरे दिसत होते, त्याने लगेच गाडी वळवली, एक जुना अश्लील किस्सा रंगवून तीच खोली परत हसवली. तोच माणूस मार्च 2011 मध्ये जपानच्या त्सुनामीवर ट्वीट करत सुटला, प्रेतं अजून सापडत होती, आणि अफलॅक नावाच्या विमा कंपनीच्या जाहिरातीत बदकाचा आवाज द्यायचं त्याचं काम गेलं. त्या कंपनीचा मोठा धंदा जपानमध्येच होता, म्हणजे ज्यांच्या घरात पाणी शिरलं तेच तिचे गिऱ्हाईक. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की ट्वीटला चेहरा दिसत नाही. समोर बसलेल्यांची चुळबुळ दिसली की आपण आपोआप थांबतो, स्क्रीनवर ती दिसत नाही म्हणून तिथे जोक एक पायरी खालचाच टाकायचा. चार मित्रांत जो चालतो तो सोसायटीच्या ग्रुपवर चालत नाही हे सगळ्यांना कळतं, पण चार मित्रांपैकी एकजण स्क्रीनशॉट काढतो हे विसरायला होतं.

ऑफिसच्या सेंड ऑफला रोस्ट ठेवायची हल्ली फॅशन आहे, त्यासाठी एक टिप. ज्याला भाजायचंय त्याला आधी विचारा, कुठल्या गोष्टी काढायच्या नाहीत ते सांग, घटस्फोट, टक्कल, अप्रेझल, काय असेल ते. हा प्रश्न विचारल्याने मजा जात नाही, उलट तो स्वतःच चांगले मुद्दे देतो. आणि त्याने दिलेली परवानगी त्याच्या बायकोला, आईला किंवा मागे उभ्या असलेल्या ऑफिसबॉयला लागू होत नाही. डिसेंबर 2014 मध्ये वरळीला एआयबी या कॉमेडी ग्रुपचा तो गाजलेला रोस्ट झाला, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर स्वतः तयारीनेच बसले होते, तिकीट काढून आलेले लोकही ऐकायलाच आले होते, पण विनोद तिथे नसलेल्यांवरही होते आणि जानेवारीत व्हिडिओ नेटवर आल्यावर तो अशांनीही बघितला ज्यांनी कशालाच होकार दिला नव्हता. तक्रारी झाल्या, व्हिडिओ काढावा लागला.

इथे कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. कुणीतरी चिडलं म्हणजे जोक वाईटच होता असं अजिबात नाही. 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का म्हणून साधी फेसबुक पोस्ट टाकली तर पालघरला दोन मुलींना अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने लाइक केलं होतं, त्यात डार्क काय नि जोक काय. आयटी कायद्याच्या ज्या 66अ कलमाखाली असे प्रकार चालायचे ते सुप्रीम कोर्टाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. धार्मिक भावनांचं जुनं 295अ मात्र नव्या न्याय संहितेत 299 म्हणून आहेच. तेव्हा दोन हिशोब वेगळे ठेवा, एक म्हणजे यातून लफडं होईल का, आणि दुसरा म्हणजे यात कुणाला उगाच लागतंय का. नेत्याला लागलं तर लागू द्या, त्याच्याकडे माइक आहे, वकील आहे, कार्यकर्ते आहेत. ज्याच्याकडे उलटं बोलायला काहीच नाही त्याला लागलं तर विचार करा. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने काही स्टँडअपवाल्यांना अपंग व्यक्तींवरच्या जोकबद्दल आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं, केस घेऊन गेलं होतं क्युअर एसएमए फाउंडेशन (एसएमए म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार). कॉमेडी कोर्टात तपासली जावी का यावर माझं मत फारसं अनुकूल नाही, पण त्या आजारावरच्या एका इंजेक्शनची किंमत 16 कोटींच्या घरात जाते, एवढा अचाट आकडा समोर असताना ज्याला जोक बाळावर सुचतो त्याचा नेमच कच्चा आहे असं मी म्हणेन.

फसलं तर काय करायचं. पहिलं, "तुला जोक कळला नाही" हे तोंडातून काढायचं नाही, त्याला कळला म्हणूनच लागला. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे राजकारण्यांचं वाक्य, यातला "तर" काढून टाका म्हणजे माफी तयार होते. जिथे जोक टाकला तिथेच माफी मागा, ग्रुपवर बोललात तर ग्रुपवर, एकट्याला मेसेज करून मिटवू नका. दोन वाक्यं पुरे, आपण मनाने कसे चांगले आहोत याचा निबंध नको. आणि गुपचूप डिलीट करून गप्प बसू नका, ती डिलीटेड मेसेजची पट्टी बघून न वाचलेलेसुद्धा विचारत सुटतात काय होतं काय होतं, आणि ज्याने वाचलेलं असतं तो मीठमसाला लावून सांगतो.

ऐकणाऱ्यांसाठीही एक सोपी युक्ती आहे, भांडायची ताकद नसेल तर हसू नका आणि शांतपणे म्हणा "कळलं नाही, सांग ना". समजावून सांगताना समोरच्याला ते सपाट वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं, बहुतेकजण अर्ध्यात "जाऊ दे" म्हणतात.

एक प्रकार या सगळ्या हिशोबात बसत नाही. एखादा मित्र सतत स्वतःच्याच मरणावर जोक मारतो, सोमवार आला की लटकतो, ट्रेन चुकली की रुळावरच झोपतो. बहुतेक वेळा ती नुसती बोलायची स्टाईल असते, पण प्रमाण अचानक वाढलं, किंवा एरवी गप्प असणारा असं बोलायला लागला, तर तिथे आक्षेपार्ह आहे का वगैरे चर्चा नको आणि ग्रुपवर "काय झालं रे" असंही नको. वेगळा फोन करा, सरळ विचारा की हल्ली फार बोलतोस असं, खरंच मनात येतं का. विचारल्याने डोक्यात भरवलं जाईल ही भीती बाळगू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात, तो त्याला पाठवून ठेवा, आणि त्या रात्री जमलं तर त्याच्याकडेच जेवायला जा.