पोस्ट उडवली, अकाउंट बंद केलं? प्लॅटफॉर्मला जाब कसा विचारायचा

माझ्या मावशीचं मसाल्यांचं पेज एका रात्रीत बंद झालं, सहा वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे मेसेज सगळं गेलं, आणि कारण काय तर म्हणे नियम मोडला. घरात सगळे म्हणाले केस टाका. पण आधी एक समजून घ्या, या कंपन्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याला अटीही आहेत. आपण त्या अटींना धरायचं.

अमेरिकेत 1996 पासून कलम 230 आहे, तिथे पोस्ट ठेवली किंवा चांगल्या हेतूने काढली तरी कंपनीवरचा दावा सहसा टिकत नाही. आपल्याकडे आयटी कायदा 2000 चं कलम 79 लागतं. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येत नाही, पण 2021 चे आयटी नियम पाळले तरच, नाहीतर नियम 7 प्रमाणे ते कवच जातं. मात्र नियमात न बसणारा मजकूर काढला म्हणून कवच जात नाही हेही त्याच नियमांत आहे, त्यामुळे "काढलीच कशी" यावर भांडून फारसं हाती लागत नाही. "न कळवता, कारण न सांगता का काढली" हे विचारा.

कारण नियम 4(8) असा आहे की 50 लाखांच्या वर नोंदणीकृत युजर असलेल्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून मजकूर काढला तर आधी कळवायचं, कारण द्यायचं आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यायची. हा नियम फार कमी लोकांना माहीत असतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कामाला लागा. पहिल्यांदा पोस्टची लिंक, आलेली नोटीस, तारीख, वेळ सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, अकाउंट पूर्ण बंद झालं की हे परत मिळत नाही. मग ॲपमधलं अपील करा. ते मशीननेच फेटाळलं असं वाटलं तरी करा, नोंद राहते.

त्यानंतर तक्रार अधिकारी. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर किंवा ॲपवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. मेल छोटा ठेवा: काय काढलं, कधी काढलं, नियम 4(8) प्रमाणे कारण द्या, परत चालू करा. मराठी मजकुराचा अर्थ सोप्या इंग्रजीत लिहा, मावशीने ठेच्याच्या व्हिडिओवर "मिरची ठेचून काढली" लिहिलं होतं, मराठी न कळणाऱ्याला ते मारामारीचं वाटू शकतं. उत्तराची मुदत 2021 च्या मूळ नियमांत 15 दिवसांची होती, अशा मुदती सुधारणांनी बदलतात, म्हणून तक्रारीच्या दिवशी चालू नियम बघा.

उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जा. 2023 पासून हे सगळं ऑनलाइन चालतं, आणि समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो.

पण पोस्ट सरकारी आदेशाने ब्लॉक झाली असेल तर हा रस्ता उपयोगाचा नाही. आयटी कायद्याच्या कलम 69अ खालचे असे ब्लॉक करायचे आदेश गोपनीय असतात, तिथे वकील गाठून हायकोर्टातच जावं लागतं, म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या, "हे तुम्ही काढलं की कुणाच्या आदेशावरून?"