दुकान सांभाळून व्हेटरन्स बॅडमिंटन कसं खेळायचं

पुण्यात तापकीर गल्लीत माझं इलेक्ट्रिकलचं होलसेल दुकान आहे आणि पन्नाशीवरच्या गटात मी डबल्स खेळतो. जिल्ह्याचं विजेतेपद दुकान चालू ठेवूनच मिळालं, म्हणून व्यापारी मित्रांसाठी हे लिहितोय.

कोर्ट पहाटेचंच घ्या. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं, मन कोर्टवर राहत नाही.

वर्षाच्या सुरुवातीलाच स्पर्धांच्या तारखांपुढे धंद्याच्या तारखा मांडा. दर महिन्याची 11 आणि 20 तारीख जीएसटीची, मार्चअखेर आणि दिवाळीआधीचा महिना दुकानाचा. उरतो पावसाळा, तेव्हा बाजारही थंड असतो. माझा पार्टनर सीए आहे, त्यामुळे आमच्या तारखा आपोआप जुळतात. पार्टनर निवडताना स्मॅशइतकंच हेही बघा.

या वयात सर्वांत जास्त वेळ सर्व्हिसला द्या, असं माझं ठाम मत आहे. दम कमी होतो, पण हाताची सफाई वाढवता येते. नेटच्या पट्टीवर वीतभर उंचीवर आडवी सुतळी बांधा आणि शटल पट्टी अन् सुतळीच्या मधून काढा. ते समोरच्या शॉर्ट सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेटपासून 1.98 मीटरवर पडायला हवं. याला पार्टनर लागत नाही. मात्र पिसं मोडलेली शटल घेऊ नका, ती भरकटतात आणि हात चुकीचा बसतो.

शटलचा नंबर, म्हणजे त्याच्या वेगाचा आकडा, हाही समजून घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, हवा विरळ, त्यामुळे शटल लांब जातं. उन्हाळ्यात तर आणखी. तेव्हा कमी नंबरचं, हळू शटल घ्या. तपासायचं असेल तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोरात मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं, तर बरोबर. थंडीत कोरड्या हवेनं पिसं तडकतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढून आतून काही सेकंद वाफ जाऊ द्या, मग झाकणं लावून डबा उभा ठेवा.

रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळी, तुटायची वाट बघू नका, सैल पडलं की बदला. 22-24 पौंडांचा ताण आपल्या खांद्याला पुरे. काउंटरमागे जाड रबरी मॅट टाका, दिवसभर फरशीवर उभं राहून पोटऱ्या आखडतात. आणि मॅचच्या आदल्या दिवशी मालाची खोकी स्वतः उचलू नका, पोरांना सांगा.