वीजजोडणीविना मुक्कामात ट्रेलरचा फ्रिज गार ठेवायचा असेल, तर या चुका टाळा

कोल्हापूरहून गाडीमागे जोडायचा, आत राहण्याची सोय असलेला ट्रेलर घेऊन मसाई पठारावर किंवा राधानगरीच्या बाजूला मुक्कामाला जाणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की, पहिल्या दिवशी फ्रिज उत्तम चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नासलेले निघते. अशा वेळी सगळे फ्रिजला दोष देतात. माझ्या अनुभवात मात्र चूक बहुधा घरून निघण्यापूर्वीच झालेली असते.

गरम फ्रिज बॅटरीवर गार करायला लावणे ही त्यातली सर्वांत महाग चूक आहे. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज चालू करून ठेवावा आणि त्यात घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार केलेले पदार्थच भरावेत. मुक्कामावर उरलेल्या पांढऱ्या रश्श्याचे गरम पातेले तसेच आत ठेवण्याचा मोह होतो. पण दोन लिटर रस्सा 60 अंशांवरून 5 अंशांवर आणायचा, तर सुमारे 130 वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. तेच पातेले आधी थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववले, तर हा बराचसा भार पाणीच उचलते.

गॅस, 12 व्होल्ट आणि घरगुती वीज अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल, तर मुक्कामात तो 12 व्होल्टवर ठेवू नये. तो सतत 10 ते 12 अँपिअर ओढतो, म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत निम्म्यावर येते, आणि लेड-ॲसिड बॅटरी त्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य घटते. मुक्कामात तो गॅसवरच चालवावा, मात्र ट्रेलर समतल उभा करावा, कारण या फ्रिजमधील द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतो आणि ट्रेलर कललेला असेल तर तो मध्येच अडकतो. ज्वलनाचा धूर बाहेर नेणारी झडप कधीही बुजवू नये. त्यात जिवाला धोका आहे.

कंप्रेसरच्या, म्हणजे घरच्या फ्रिजसारख्याच पण बॅटरीवर चालणाऱ्या फ्रिजची गोष्ट वेगळी. गेल्या एप्रिलमध्ये पठारावर माझा फ्रिज पहाटे बंद पडला. बॅटरीवर मल्टिमीटर 12.1 व्होल्ट दाखवत होता, तरी फ्रिजचा कमी व्होल्टेजचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकत होता. फ्रिज चालवून त्याच्याच टोकांवर मोजले, तेव्हा जेमतेम 11.2 व्होल्ट आढळले. वायरिंग करणाऱ्याने 1 चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली होती. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत जाऊन परत येणाऱ्या दहा मीटर तांब्यात 5 अँपिअरला जवळजवळ 0.9 व्होल्ट गळून जातात. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती 0.2 व्होल्टच्या आसपास राहते. नवी बॅटरी घेण्याआधी दोन्ही टोकांवर, फ्रिज चालू असताना, व्होल्टेज मोजावे आणि फ्यूजची जोडणी, स्क्रू, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) हे सगळे घट्ट आहे ना, ते पाहावे. एवढे कष्ट बहुतेक जण घेत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

फ्रिजच्या मागची गरम हवा बाहेर पडायला वाट हवी. तिथे अंथरुणाच्या वळकट्या किंवा पिशव्या कोंबल्या की कंप्रेसर थांबायचे नावच घेत नाही. मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या वेगळ्या थर्मासात ठेवल्या, तर दिवसभर दार उघडण्याचे निम्मे प्रसंग टळतात. सोलर पॅनेल छपरावर कायमचे बसवलेले असेल, तर ट्रेलर सावलीत की उन्हात, हा पेच पडतो. म्हणून मी लांब केबलचे सुटे पॅनेल वापरतो, ते उन्हात आणि ट्रेलर झाडाखाली. पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाताना मात्र पॅनेलवर विसंबू नये. तिथे दिवसच्या दिवस धुके आणि पाऊस असतो. त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या आणि एक चांगला आइसबॉक्स सोबत न्यावा, दूध-मटण त्यात ठेवावे आणि बॅटरी दिव्यांसाठी राखावी.