निकाल चांगला, तरी मन खट्टू: अशा वेळी काय करावे

पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवताना निकालाच्या दिवशी मला दरवर्षी दोन प्रकारचे विद्यार्थी भेटतात. पहिल्या प्रकारच्यांचे ‘एम-थ्री’ (अभियांत्रिकी गणित-३) राहिलेले असते, बॅक लागलेली असते, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा असतो, आणि त्यांच्या दुःखाला खोलीवर, मेसमध्ये, घरी, सगळीकडे जागा असते. दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी मात्र सगळे पांगल्यावर स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहतो. तो ‘ऑल क्लिअर’ असतो, गणितात त्याला १०० पैकी ७८ गुण असतात, आणि शेजारच्या बाकावरचे तिघे नापास झालेले असताना आपल्याला रडू येते आहे याची त्याला लाज वाटत असते. हे लेखन त्या दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, कारण त्याला सल्ला देताना मी स्वतः एकदा चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी, ‘अगं, अर्धा वर्ग नापास आहे आणि तू रडतेस?’ असे म्हणाले होते. तिला धीर द्यावा एवढाच माझा हेतू होता. ती ‘हो मॅडम’ म्हणाली, डोळे पुसून निघून गेली, आणि त्यानंतर वर्षभर तिने मला एकही शंका विचारली नाही. तिच्या मनातील प्रश्न ‘मी इतरांच्या मानाने कुठे आहे?’ हा नव्हताच. ‘मला जेवढे येते असे मी समजत होते, तेवढे मला खरोखर येते का?’ हा होता, आणि त्याचे उत्तर इतरांच्या गुणपत्रिकेत असणे शक्य नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वर्गमित्रांच्या कमी गुणांचा मलम म्हणून उपयोग करू नका, आणि दुसऱ्या कोणी तो लावू पाहिला तर तो लागू पडत नाही म्हणून स्वतःला कृतघ्नही समजू नका. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा असा आहे की, स्वतःला जोखण्याचे वस्तुनिष्ठ माप हाताशी नसते तेव्हा माणूस इतरांशी, आणि विशेषतः आपल्यासारख्याच इतरांशी, तुलना करतो. तुमच्याकडे मात्र एक माप आधीपासून होते: तुम्ही मनाशी धरलेला आकडा. ज्याने ९० धरले होते त्याला ७८ हे बारांनी कमीच दिसणार, मग शेजाऱ्याला ३५ पडोत की ९५.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या चेहऱ्यांवरील आनंद जोखणारा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कांस्यपदक मिळवणारे खेळाडू रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले. हा दाखला ‘आपल्याहून खालच्याकडे पाहावे’ असा उपदेश करण्यासाठी बरेचदा दिला जातो, पण मला त्यातून वेगळेच दिसते. कांस्यपदकाचा आनंद चौथा खेळाडू हरला म्हणून नसतो. आपण स्वतः पदकाविना परतलो असतो, हे त्या खेळाडूच्या डोळ्यांपुढे असते म्हणून तो असतो. ज्या विद्यार्थ्याला नापास होण्याची भीती कधी वाटलीच नव्हती, त्याला पास झाल्याचे समाधान कसे मिळेल? त्याचे लक्ष हुकलेल्या सुवर्णाकडेच असते. हे समजून घेतले की निम्मा अपराधीपणा आपोआप सुटतो.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टींकडे वळू. निकालाच्या दिवशी संध्याकाळी एका कागदावर अपेक्षित गुण लिहा आणि तो आकडा आपल्या मनात कुठून आला, हे त्याखाली प्रामाणिकपणे लिहा. माझ्या अनुभवात तो बहुधा तीन ठिकाणांहून आलेला असतो. काही वेळा तो सरावातून येतो: घड्याळ लावून चार-पाच जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्या कोणाकडून तरी तपासून घेतल्या आणि तेवढे गुण पडत होते. अशा आकड्याला वजन आहे, आणि तो हुकला असेल तर कारण शोधण्यासारखे असते. काही वेळा तो पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उत्तरे जुळवताना तयार होतो. तेथे अंतिम उत्तर जुळले की पूर्ण गुण धरले जातात, मधल्या पायऱ्यांचा हिशेब कोणी करत नाही, त्यामुळे हा आकडा जवळजवळ नेहमी फुगलेला असतो. आणि काही वेळा तो आकडा तुमचा नसतोच. मोठ्या भावाचा, शेजारच्या ताईचा किंवा बाबांनी गाडी चालवताना सहज उच्चारलेला असतो. तसे असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या अपेक्षेचे दुःख वाहत आहात, आणि ते ओळखले की त्याची धार कमी होते.

अभियांत्रिकीच्या मुलांसाठी येथे एक विशेष सूचना करावीशी वाटते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात सहा घटकांपैकी पहिल्या दोन घटकांवर ३० गुणांची इन-सेम (सत्राच्या मध्यातील परीक्षा) आणि उरलेल्या चार घटकांवर ७० गुणांची एंड-सेम (सत्राअखेरची परीक्षा) अशी विभागणी होती. इन-सेमला ३० पैकी २७ मिळाले की विद्यार्थी नव्वद टक्क्यांचे गणित मांडून मोकळा होतो. पण ते २७ गुण त्याने दोनच घटकांवर मिळवलेले असतात. पुढच्या चार घटकांविषयी ते काहीही सांगत नाहीत. हा हिशेब आधीच तपासला असता तर कित्येकांचा अपेक्षित आकडा ८० च्या आसपास आला असता, आणि ७८ पाहून त्यांना एवढा धक्का बसला नसता.

दुसऱ्यांचे कमी गुण खरोखर अर्थपूर्ण ठरतात अशीही एक जागा आहे, ती सांगायला हवी. एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन यांसारख्या परीक्षांत पर्सेंटाइल दिले जाते, म्हणजे तुमच्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थींना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण पडले, ते सांगितले जाते. तेथे अवघड पेपरमध्ये सगळ्यांचेच गुण उतरले असतील तर तुमच्या कमी वाटणाऱ्या गुणांचेही पर्सेंटाइल चांगले येऊ शकते, म्हणून केवळ गुण पाहून खचू नये. दहावीच्या मुलांनी आधी हे पाहावे की, राज्य मंडळाच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीत सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण टक्केवारीसाठी धरले जातात. ज्या विषयाने मन खट्टू झाले आहे तो कदाचित हिशेबात आलेलाही नसेल.

यानंतरचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: हे दुःख कोणाजवळ बोलायचे? वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मुळीच नाही. ‘७८च पडले यार, वाट लागली’ हे वाक्य ज्याला ३१ पडले आहेत तोही वाचत असतो, आणि तुमच्या दृष्टीने जी वाट लागली आहे ती त्याला स्वप्नातही मिळाली नसती. तुम्ही कर्वेनगरला किंवा नऱ्ह्याला तिघे-चौघे खोली घेऊन राहत असाल तर ही अडचण रोजची होते, कारण ज्याची बॅक लागली आहे त्याच्याच शेजारच्या कॉटवर तुम्हाला रात्री झोपायचे असते. अशा वेळी आपले गुण लपवू नका. लपवलेले गुण दुसऱ्या दिवशी कळतातच आणि मग ‘याने माझी कीव केली’ असे मित्राला वाटते. त्याने विचारले तर आकडा सरळ सांगा आणि तेथेच थांबा. त्याला ‘पण मला वाईट गेला’, ‘नशिबाने मिळाले’, ‘माझा अभ्यासच नव्हता’ अशी शेपटे जोडू नका. ज्याने रात्री जागून अभ्यास केला आणि तरीही जो नापास झाला, त्याला ‘माझा अभ्यासच नव्हता’ हे वाक्य सर्वांत जास्त लागते, हे मी मुलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

मित्र जवळचा असेल तर एवढे म्हणता येते: ‘मलाही गणिताचं थोडं लागलंय, पण ते नंतर बोलू. आधी तुझं सांग, फॉर्म कधी भरायचाय?’ या वाक्यात तुम्ही स्वतःचे दुःख नाकारत नाही आणि ते त्याच्या दुःखावर लादतही नाही. सविस्तर बोलण्यासाठी मात्र ज्याला या निकालात स्वतःची जखम नाही असा माणूस निवडा: वरच्या वर्गातील दादा किंवा ताई, दुसऱ्या शाखेतील मैत्रीण, मामा, आत्या, किंवा एखादे शिक्षक. त्यांना बरोबर घेऊन हनुमान टेकडीवर किंवा तळजाईला चक्कर मारा. चालताना समोरासमोर पाहावे लागत नाही, त्यामुळे बोलणे सोपे जाते.

घरच्यांचे थोडक्यात सांगते. आई पेढे आणते, शेजारी वाटते, आणि तुमचा उतरलेला चेहरा पाहून ‘बाकीच्यांचं बघ जरा’ म्हणते. तिचा आनंद खोटा नाही आणि तुमची निराशाही खोटी नाही. ‘आई, तू खूश आहेस याचा मला आनंद आहे. मला फक्त माझ्या काही चुका सलत आहेत, त्या मी दोन दिवसांत बघते,’ असे सांगितले तर वाद होत नाही. याउलट ज्या घरात ‘वर्गात पहिली आलीस, पण नव्वद का नाहीत?’ असे विचारले जाते, तेथे अपेक्षित आकड्याचा तो कागदच समोर ठेवून बोलावे.

आता उत्तरपत्रिकेकडे. निराशेचे काही चीज करायचे असेल तर ते येथेच होते, म्हणून मी या भागाला सर्वांत जास्त महत्त्व देते. विद्यापीठाच्या परीक्षेत तसेच राज्य मंडळाच्या दहावी-बारावीत, ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकनाचा टप्पा त्यानंतरचा आहे. मुदत थोडी असते, तेव्हा रुसून बसण्यात पहिला आठवडा घालवू नये. छायाप्रत हाती आल्यावर आधी प्रत्येक प्रश्नाचे गुण पहिल्या पानावर बरोबर उतरले आहेत का, बेरीज जुळते का आणि एखादे उत्तर तपासायचे राहून गेले आहे का, हे पाहावे. तसे काही आढळले किंवा बरोबर पायऱ्यांना गुण मिळालेले नाहीत असे विषयाच्या शिक्षकांनीही मान्य केले, तरच पुढचा अर्ज करावा. केवळ ‘मला जास्त पडायला हवे होते’ या भावनेवर केलेला अर्ज बहुतेक वेळा दुसऱ्यांदा निराश करतो.

मग गेलेला प्रत्येक गुण कोणत्या कारणाने गेला ते समासात लिहावे: येतच नव्हते, येत होते पण घसरले, वेळ पुरला नाही, की पायरी मनात केली आणि कागदावर उतरवली नाही. एक उदाहरण देते. विकल समीकरणाच्या (डिफरन्शियल इक्वेशन) उत्तराचे दोन भाग असतात. त्यातील पहिला भाग, ‘सी.एफ.’ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन), अचूक काढणारी कितीतरी मुले दुसरा भाग, ‘पी.आय.’ (पर्टिक्युलर इंटिग्रल), काढताना छेदात शून्य आले की अडखळतात; तेथे एक्सने गुणून छेदाचे विकलन करायचे असते, हे त्यांना नंतर विचारले तर लगेच आठवते. एवढ्या एका जागी प्रश्नाचे निम्मे गुण जातात. अशा चार जागा सापडल्या की हरवलेल्या बारा गुणांचा हिशेब लागतो, आणि ‘मी हुशार नाहीच’ हे मोठे, अंगावर येणारे वाक्य बाजूला पडून त्याच्या जागी चार छोटी कामे उरतात. येतच नव्हते असे कारण बहुतेक ठिकाणी आले असेल, तर तो घटक पुढच्या सत्राआधी पुन्हा वाचावा, कारण गणितात एका सत्रातील पोकळी पुढच्या विषयात पुन्हा समोर येते.

हे सगळे करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कॉलेजला जावेसेच वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘माझे गुण तर चांगले आहेत, मग मी कशाला मदत मागू’ असा विचार करू नका. महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनाशुल्क आहे. जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा आणि घरच्या किंवा खोलीवरच्या कोणाला तरी जवळ बसवून घ्या.

खोलीवरच्या त्या मित्राचे राहिले. पहिल्या आठवड्यात त्याला ‘चल, मी तुला शिकवतो’ असे म्हणू नका. तो हात वरून पुढे आल्यासारखा वाटतो. बॅकच्या परीक्षेचा फॉर्म भरून झाला आणि तो स्वतः वही काढून बसला की आपली छायाप्रत घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि ‘माझे या प्रश्नात सहा गेलेत, बघू आपल्याला जमतं का’ असे म्हणून सुरुवात करा. माझ्याकडे गेल्या वर्षी अशी एक जोडी रोज साडेचार वाजता यायची. दोघांपैकी पास कोण आणि नापास कोण, हे त्यांच्या शंकांवरून मला तिसऱ्या दिवसापासून ओळखता येईनासे झाले होते.